पूजेला ठेवलेलं पिस्तूल

मोहन टिपणीसनं पिस्तूल घेतलं तेव्हा तो पन्नाशी ओलांडून बराच पुढे आला होता आणि त्याचा कुणावरही राग नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर भेटेल त्यानं त्याला पहिला प्रश्न हाच विचारला.

मिरजेहून कार्डिफला येऊन त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तो पेशी तपासायचा. बायकांच्या तपासणीतून आलेल्या पेशी काचेवर पसरून यायच्या, आणि त्यांत कुठे कॅन्सरची सुरुवात तर नाही ना, हे मायक्रोस्कोपखाली बघायचं. बहुतेक काचा ठीक असत. काही ठीक नसत. आणि काही मधल्या. या मधल्यांना तिथं बॉर्डरलाइन म्हणत. त्यांवर ठाम काही लिहिता येत नसे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, एवढंच. घरी आल्यावर डोळे मिटले की मोहनला या मधल्याच पेशी दिसायच्या. सुजलेल्या, जरा गडद, काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या.

तरी ते काम त्याचं होतं. खिडकीकडून दुसरी खुर्ची त्याची, शेजारी रिअन नावाची बाई, आणि मान वाकवून बसलेले आणखी चार जण. कुणी कुणाशी फार बोलत नसे. जगात आपली जागा कुठे, असं मोहनला कुणी विचारलं असतं, तर त्यानं घराचा पत्ता न देता ती खुर्ची दाखवली असती.

दुकान मार्केटच्या मागच्या गल्लीत होतं. खिडकीत मासे पकडायच्या काठ्या होत्या. मोहनला मासेमारीत रस नव्हता. वारा फार होता म्हणून तो आत शिरला. काउंटरच्या काचेखाली पिस्तुलं मांडलेली. या देशात खरी पिस्तुलं बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती, हे त्याला ठाऊक होतं. एका शाळेत गोळीबार झाला, लहान मुलं गेली, त्यानंतर कायदा आला. मग ही कुठली? दुकानदार म्हणाला, ही गॅसवर चालतात. मुठीत एक छोटं नळकांडं बसवायचं, छर्रे भरायचे, चाप ओढायचा. लायसन्स लागत नाही. त्यातलं सगळ्यात स्वस्त त्यानं काढून दाखवलं. काळं, मूठ प्लॅस्टिकची, पण हातात घेतल्यावर वजनदार. खोक्यावर ‘सेमी-ऑटोमॅटिक’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं.

“खरं सांगायचं तर तसं नाहीये ते,” दुकानदार म्हणाला. “आत रिव्हॉल्व्हरसारखं चाक फिरतं. वरून फक्त सेमी-ऑटोमॅटिक दिसतं. या किमतीत एवढंच मिळतं.”

का कोण जाणे, पण हे ऐकल्यावर मोहननं ते घेतलं.

घरामागच्या गॅरेजमध्ये गाडी कधी नसायचीच. शनिवारी दुपारी तो तिथं दार लावून घ्यायचा. समोरच्या भिंतीला जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांनी गच्च भरलेलं खोकं, त्यावर वर्तुळांचा कागद. श्वास अर्धा सोडायचा, तिथंच थांबायचं आणि चाप हळूहळू मागे आणायचा. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काटा स्पष्ट दिसला पाहिजे, कागद धूसर दिसला तरी चालतो. फट्, एवढाच आवाज. पिस्तूल डावीकडे मारायचं, म्हणून तो उजवीकडे नेम धरायचा. थंडी वाढली की गॅसचा जोर कमी व्हायचा आणि छर्रे खाली पडायचे, म्हणून आधी नळकांडं काखेत धरून ऊब द्यायची. मग कागदाजवळ जाऊन बघायचं. भोक असायचं किंवा नसायचं. मधलं काही नाही. त्या कागदासमोर तो कधी कधी बराच वेळ उभा राहायचा, आणि आपल्याला इतकं बरं का वाटतंय, हे त्याला काही केल्या कळायचं नाही.

“अहो, पण का?” सुलक्षणानं विचारलं. सुलक्षणा म्हणजे त्याची बायको, कार्डिफमधल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, आणि तिला अर्धवट उत्तर चालत नसे. “लहानपणी राहून गेलं म्हणून? कुणाला मारायचंय? भीती वाटते का कशाची?”

“तसं काही नाही.”

“मग कसं आहे?”

मोहननं गॅरेजची किल्ली खिळ्याला अडकवली.

“एक ऐकून ठेवा. त्या वस्तूपायी काही झालं ना, तर लॅबवाले तुम्हाला त्या खुर्चीत बसू देणार नाहीत. पोलिसांचा साधा कागद आला तरी तुम्हाला तिथं सांगावं लागतं. मग घरी बसून काय करणार? कागदाला भोकं पाडणार?”

हे त्यालाही माहीत होतं. म्हणून पिस्तूल गॅरेजबाहेर कधी न्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि दीड वर्ष पाळलंही.

ऑगस्टमध्ये राजीव बर्व्यांकडे जेवण होतं. राजीव हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, आणि टेबलावर सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. पिस्तुलाचं त्यांना कुठून तरी कळलं होतं.

“मोहनराव, ऐकतोय ते खरं का? गॅरेजमध्ये फायरिंग रेंज काढलीय म्हणे!”

“छर्ऱ्याचं आहे हो.”

“असू दे की! या खंडेनवमीला आणा. दरवर्षी आपली शस्त्रपूजा म्हणजे काय, तर चार स्टेथोस्कोप, सहा लॅपटॉप आणि अर्चनाचा फूड प्रोसेसर. देवी वर बसून हसत असेल. निदान एक तरी खरं शस्त्र पूजेला असू दे.”

सगळे हसले. सुलक्षणा हसली नाही. मोहननं राजीवच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पण ते तोवर कोशिंबीर वाढून घ्यायला वळले होते.

२००६ साली खंडेनवमी नेमकी रविवारी आली. मंडळानं नेहमीचा चर्चचा हॉल घेतला होता. मोहन दर वर्षी पूजेला मायक्रोस्कोपची एक जुनी भिंग-नळी न्यायचा. त्या सकाळी त्यानं ती कापडी पिशवीत टाकली, मग गॅरेजमध्ये गेला आणि रिकामं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून त्याच पिशवीत ठेवलं. हे करताना आपण काय करतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं. का करतोय, ते दिसत नव्हतं. गाडीत सुलक्षणाच्या मांडीवर पुरणाचा डबा होता आणि ती फोनवर कुणाला तरी हॉलचा रस्ता सांगत होती.

चौरंगावर लाल कापड, त्यावर सगळ्यांची आयुधं. झेंडू मिळाला नव्हता म्हणून सुपरमार्केटची पिवळी शेवंती. मोहननं स्टेथोस्कोपांच्या शेजारी पिस्तूल ठेवलं, त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं. दोघांतिघांनी फोटो काढले. एकानं “ढिश्क्यांव” केलं. राजीव बर्वे जवळ आले, बघतच राहिले आणि म्हणाले, “च्यायला, आणलंत!” एवढंच. सुलक्षणा तेव्हा स्वयंपाकघरात होती.

त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलच्या केअरटेकर बाईंनाही चौरंग दिसत होता. त्या कोट घालून बाहेर गेल्या आणि बाहेरून त्यांनी फोन केला.

आरती मध्यावर आली होती. आवाज चढलेला, टाळ्या जोरात, त्यामुळे गाड्या आल्या तेही कुणाला कळलं नाही. एकदम दार उघडलं आणि हेल्मेटवाले पोलीस खऱ्या बंदुका घेऊन आत आले. सगळ्यांनी हात वर करा, एकेक करून बाहेर या. कार्डिफमधले निम्मे मराठी डॉक्टर हात वर करून उभे राहिले. फूड प्रोसेसरवाल्या अर्चनाताईंच्या हातात आरतीचं तबक होतं, निरांजन पेटलेलं. ते वर धरू की खाली ठेवू, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि कुणी सांगेना. शेवटी त्या तसंच तबक डोक्यावर धरून कारपार्कपर्यंत चालत गेल्या.

“कुणाचं आहे ते?”

मोहननं वर केलेल्या हातांपैकी एक आणखी थोडा वर केला.

हॉवेल नावाचे सार्जंट हातमोजे घालून पिस्तूल उचलत होते. ते मध्येच थांबले. “हे रक्त आहे का?”

“कुंकू,” मोहन म्हणाला.

“म्हणजे काय?”

म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं नाही. हळदीचं सांगता आलं, कारण ती जेवणातही असते.

सुलक्षणा शेवंतीच्या बादलीशेजारी उभी होती. ओरडली नाही. मोहनला गाडीत बसवत असताना ती नुसती बघत राहिली, एखाद्या अनोळखी माणसाला गाडीत बसवताना बघावं तशी.

संध्याकाळी त्याला सोडलं. गुरुवारी जबाबासाठी परत या, म्हणाले. प्रकरण असं होतं. घरात ते पिस्तूल ठेवायला हरकत नाही, पण सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय न्यायचं नाही. भाड्यानं घेतलेला हॉल सार्वजनिक की खासगी, यावर स्टेशनमध्येच दोघांचं एकमत होत नव्हतं, पण कारपार्क सार्वजनिक होता, आणि पिशवी तर कारपार्कमधूनच गेली होती. तेव्हा प्रश्न उरला कारणाचा. कारण पटलं तर मामला मिटला. नाही पटलं तर निदान कॉशन, म्हणजे पोलिसांची नोंदलेली ताकीद, आणि ती लॅबला सांगावीच लागणार.

ब्रिस्टलहून मुलीचा फोन आला. आश्लेषा इथंच जन्मली, इथंच वाढली.

“बाबा, सिंपल आहे. रिलिजस रीझन. तू त्यांना सांग, आपली कस्टम आहे, प्रेसिडेंट अंकलनी सांगितला म्हणून तू तो पिस्तूल आणला. आणि सॉलिसिटर घे. प्लीज, हीरो नको बनू.”

“त्यांनी सांगितलं खरं, पण—”

“पण काय? सांगितला ना?”

बुधवारी राजीव बर्व्यांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा लहान.

“मोहनराव, मी काय म्हणतो, मंडळाचं नाव यात नको यायला. हॉल गेलाच आहे, पण पुढं दुसरा कुणी देणार नाही. आणि माझं नाव... तुम्हाला कल्पना आहे, डॉक्टर माणसाला केवढं महागात पडतं. मी आपला जेवताना काहीतरी बोललो असेन.”

“हो. जेवतानाच बोललात.”

“तेच ना. गंमत ती.”

फोन ठेवल्यावर सुलक्षणा म्हणाली, “राजीवचं नाव घ्या.”

“ते गंमत करत होते.”

“करत असतील. तुम्ही ती खरी मानलीत, एवढं सांगायचं. खोटं कुठं आहे त्यात?”

त्यात खोटं आहे की नाही, हे मोहन त्या संध्याकाळी शोधत राहिला. आपण ती गंमत खरी मानली का? राजीवचा चेहरा त्यानं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणला. तोंड हसत होतं, डोळे हसत होते की नव्हते? काहीच ठरेना.

गुरुवारी हॉवेल सार्जंटनी टेप सुरू केली. मोहननं वकील घेतला नव्हता. वकिलाला तरी काय सांगायचं, हा प्रश्न होताच.

“ही तुमच्या धर्मातली प्रथा आहे?”

“प्रथा आहे. पण पिस्तूलच ठेवलं पाहिजे असं नाही. मी मायक्रोस्कोपचं भिंग नेहमी नेतो. त्या दिवशीही नेलं होतं.”

“मग हे कशाला नेलं? कुणी सांगितलं होतं?”

इथं नाव घ्यायचं होतं. मोहननं तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते त्यालाही नवं होतं.

“जे बोलले ते गंमत म्हणून बोलले. ती गंमत होती, हे मला माहीत होतं. मला कुणाला तरी ते दाखवायचं होतं. दीड वर्ष मी गॅरेजमध्ये एकटाच होतो त्याच्यासोबत.”

हॉवेल सार्जंटनी त्याच्याकडे पाहिलं. बरे गृहस्थ होते ते. “मिस्टर टिपणीस, याला कायद्यात कारण म्हणत नाहीत,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मोहननं ताकीद स्वीकारली. पिस्तूल परत मिळणार नव्हतं. ते मोडीत काढतील असं कळलं.

लॅबच्या प्रमुख ब्रॉनवेन. दुसऱ्याच दिवशी मोहननं स्वतः जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला. वरच्यांशी बोलते म्हणाल्या, आणि तोवर तुम्ही पुढच्या खोलीत बाटल्यांना लेबलं लावा. दोन आठवड्यांनी वरून उत्तर आलं, नोकरीला धोका नाही, ताकीद नोंदवून घेतली आहे. मोहन आपल्या खुर्चीकडे निघाला, तशा ब्रॉनवेन म्हणाल्या, “अजून काही दिवस इथंच बसाल का?”

“ही शिक्षा आहे का?”

“छे, छे, मुळीच नाही.”

“मग आत कधी जाऊ?”

“बघू या ना.”

तो लेबलं लावत राहिला. काचेच्या दारातून त्याला आतल्या पाठी दिसायच्या. नोकरी आहे, शिक्षा नाही, खुर्ची नाही. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, ते त्याला जुळवता येईना.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी दुपारी राजीव बर्वे श्रीखंडाचा डबा घेऊन घरी आले. सुलक्षणानं पाणी दिलं, बसा म्हटलं आणि स्वतः उभीच राहिली.

“तुमचे उपकार आहेत, मोहनराव. माझं नाव नाही घेतलंत.”

“उपकार कसले. तुम्ही गंमतच करत होतात.”

राजीवनी पेला खाली ठेवला. 

“नव्हतो करत,” ते म्हणाले. “म्हणजे हसत होतो, पण... मला बघायचं होतं हो ते. खरंच बघायचं होतं. तुमच्या घरी येऊन दाखवा म्हणायची लाज वाटली. म्हणून तसं बोललो.”



“राजीवभाऊ,” सुलक्षणा म्हणाली, “हे तुम्हाला त्या बुधवारी फोनवर आठवलं नाही?”

“वहिनी, तेव्हा मी घाबरलो होतो.”

“आणि आता?”

मोहन सगळं ऐकत होता. पोलिसांसमोर अख्ख्या आयुष्यात एकदा त्यानं ठामपणे काही सांगितलं होतं, ‘मला माहीत होतं’ म्हणाला होता, आणि नेमकं तेच चुकीचं निघालं होतं. त्याला राग यायला हवा होता. त्यानं वाट पाहिली. राग आला नाही. त्याऐवजी त्यानं आजवर कुणाजवळ केलं नव्हतं ते केलं, मागितलं.

“माझं एक काम कराल?” तो म्हणाला. “आमच्या ब्रॉनवेनला हे सांगाल? मला आत बसायचंय.”

राजीवनी सुलक्षणाकडे पाहिलं, मग डब्याकडे. “सांगतो,” ते म्हणाले.

आणि त्यांनी खरंच सांगितलं. मंगळवारी ब्रॉनवेननी मोहनला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं.

“डॉक्टर बर्व्यांचा फोन होता. त्यांनी आणायला सांगितलं म्हणून तुम्ही ते नेलंत, म्हणाले.”

“मग आता...”

“मोहन, त्यानं काही फरक पडत नाही.” त्या टेबलावरचं पेन उगाच सरळ करत होत्या. “अडचण पोलिसांची नव्हतीच कधी. आतल्या मंडळींना जरा... त्यांनी बातमी ऐकली. शांत माणूस, एकटाच असतो, घरी पिस्तूल. तुमच्याकडे पाठ करून बसायचं तर त्यांना कसंसंच वाटतं. मी कुणाला जबरदस्ती कशी करू?”

मोहनला आधी शब्द कळले, मग अर्थ कळायला वेळ लागला. कुणी वकील, कुणी राजीव, कुणी देवी यात काही करू शकणार नव्हती. ज्यांच्या शेजारी तो इतकी वर्षं मान वाकवून बसला होता, त्यांनी त्याला एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आणि खरं म्हणजे त्यानं तरी त्यांना कधी पाहिलं होतं?

“मी त्यांच्याशी बोललो तर चालेल?”

“तुम्ही?” ब्रॉनवेन चकित झाल्या. “चालेल की. बोला.”

तो काचेचं दार ढकलून आत गेला आणि दाराजवळच थांबला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पाठी एकेक करून वळल्या. चेहऱ्यांवर भीती होती का, संकोच होता, की नुसताच कंटाळा, हे त्याला ओळखता आलं नाही.

“मी ते पूजेला नेलं होतं,” तो म्हणाला. “वर्षातून एकदा आम्ही आमची हत्यारं पूजेला ठेवतो. स्टेथोस्कोप, लॅपटॉप. तिथं मी ते ठेवलं. ठेवायला नको होतं.”

 यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता.

“फूड प्रोसेसरसुद्धा होता,” तो म्हणाला.

कोपऱ्यातून कुणीतरी नाकातून हसलं. रिअननं चष्मा कपाळावर सरकवला.

“मग ते खरंच धार्मिक होतं का?” तिनं विचारलं. चौदा वर्षांत तिनं त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर काचेवर नव्हतं.

मोहननं विचार केला. सगळे वाट बघत होते.

“थोडंसं,” तो म्हणाला. “बाकीचं मलाही कळलेलं नाही.”

रिअन त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं हात लांब करून त्याच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पर्स उचलली आणि पायाशी ठेवली.